आमटीचा डाव खिरीत

मागच्या मे महिन्यात गावी आमच्या गल्लीत चर खणला. नळपाणी योजनेचा. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून काळ्या पाइपची दोन वेटोळी आली आणि मारुतीच्या पारापाशी पडली. पोरं लगेच त्यात शिरून बसली. मी चष्मा लावून पाइपवरची अक्षरं वाचत उभा राहिलो. काळ्या अंगावर निळ्या रेघा, आणि ठरावीक अंतरावर छापलेलं: आयएस ४९८४, पीई १००, मग व्यास, दाब, तारीख.

पाइप जोडणारा पोरगा विशीतला. दोन टोकं गरम प्लेटवर धरायची, कडा लोण्यासारख्या मऊ झाल्या की प्लेट झटकन काढून टोकाला टोक दाबायचं. सांध्यावर गोल वळ उठतो. तो वळ सगळीकडून सारखा आला की पोरगा खूश. त्या प्लेटला तो तवाच म्हणत होता.

"काय बघताय काका? ओरिजनल हाय."

"तेच बघतोय."

"ह्यो फुटत न्हाई. वरनं ट्रक घाला."

मी मान डोलावली. हा पाइप का फुटत नाही, ते मला त्याला सांगता आलं असतं. याच्या प्रत्येक दाण्याचा जन्म दोन घरांत झालाय, आणि एका घरातून दुसऱ्या घरात जाताना त्याच्या अंगाला चिकटलेला हायड्रोजन कुणीतरी मुद्दाम झटकून टाकलाय. पण चरात गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाला हायड्रोजन सांगू नये, एवढं कळण्याइतपत मी आता निवृत्त झालोय.

माझी नोकरी गुजरातेत गेली. पॉलिमरच्या प्लांटमध्ये, इन्स्ट्रुमेंट खात्यात, आणि त्यातही ॲनालायझरवर. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगायचंय त्यात थोडी फजिती आहे आणि ती बरीचशी माझीच आहे. घरच्यांना माझं काम कधी कळलं नाही. मामांची पक्की समजूत होती की मी बादल्या बनवतो. एकदा चिडून म्हणालो, "मामा, मी बादल्या बनवत नाही, मी हवा बघतो." त्यानंतर आई बरेच दिवस शेजारी सांगत होती की हा हवामान खात्यात आहे.

आई फार चुकली नव्हती. पॉलिइथिलीन बनतं इथिलीन या वायूपासून. उत्प्रेरकाचा बारीक कण रिॲक्टरमध्ये सोडला की त्याच्यावर इथिलीनचे रेणू एकामागून एक जोडले जातात, साखळी वाढते, कणाचा दाणा होतो. एक ग्रॅम उत्प्रेरक कित्येक किलो माल देतो. हे सगळं बंद भांड्यात, दाबाखाली. दाण्याला आतून कुणी हात लावू शकत नाही, साखळी अमुक लांबीची कर म्हणून कानात सांगू शकत नाही. आपल्या हातात काय, तर तो ज्या हवेत वाढतो ती हवा. इथिलीन किती, हायड्रोजन किती, ब्युटीन किती. बाकी दाणा आपला आपण वाढतो, पोरासारखा, आणि पोरासारखंच घरातली हवा अंगात मुरवून घेतो.

हायड्रोजनचं काम कात्रीचं. वाढत्या साखळीला हायड्रोजन भेटला की ती साखळी तिथे संपते आणि उत्प्रेरकाच्या त्याच जागेवर नवी सुरू होते. हायड्रोजन जास्त, तर साखळ्या आखूड. कमी, तर लांब. १९५०च्या दशकात अमेरिकेत हर्क्युलिस कंपनीच्या एडविन व्हॅन्डेनबर्ग यांनी ही गोष्ट शोधून काढली. त्याआधी कार्ल झिग्लर यांनी १९५३ साली म्युल्हाइममध्ये कमी दाबावर पॉलिइथिलीन करून दाखवलं होतं, पुढल्या वर्षी मिलानमध्ये ज्युलिओ नट्टांनी पॉलिप्रॉपिलीन. दोघांना मिळून १९६३ चं नोबेल मिळालं. व्हॅन्डेनबर्ग यांचं नाव मात्र कारखान्यातल्या माणसालासुद्धा माहीत नसतं, आणि त्यांचा हायड्रोजन तो आठ तास जपत बसलेला असतो. मला हे नेहमी लग्नातल्या आचाऱ्यासारखं वाटतं. नाव यजमानाचं.

आता पाइपची अडचण अशी की त्याला दोन्ही साखळ्या हव्यात. आखूड साखळ्या नीट रचून बसतात, घट्टपणा आणि ताठपणा देतात, आणि वितळल्यावर यंत्रातून सुरळीत वाहतात. पण नुसत्या आखूड साखळ्यांचा पाइप मेणबत्तीसारखा मोडेल. लांब साखळ्या या रचलेल्या थरांमधून इकडून तिकडे टाके घालत जातात. चिखलातल्या एखाद्या अणकुचीदार दगडाचा टोच वर्षानुवर्षं बसत राहिला, तरी चीर पुढे सरकू न देणारे हेच टाके. पीई म्हणजे पॉलिइथिलीन. पीई १०० याचा अर्थ, २० अंश तापमानाच्या पाण्याने ५० वर्षं आतून दाबत राहिलं तरी पाइपची भिंत १० मेगापास्कल ताण सोसेल. (आमच्याकडे २० अंश डिसेंबरातल्या पहाटे असतात, हा भाग वेगळा. तापमान वाढलं की दाबाची मर्यादा उतरवून धरावी लागते.)

एका हवेत एकाच मापाच्या आसपासच्या साखळ्या मिळतात. म्हणून दोन घरं. आमच्या प्लांटवर दोन रिॲक्टर एकापुढे एक होते, आत हेक्झेन, म्हणजे पेट्रोलसारखा एक पातळ द्रव, आणि त्यात तरंगणारी पांढरी भुकटी, ताकात रवा कालवल्यासारखी. पहिल्यात हायड्रोजन भरपूर, इथिलीनच्या दुप्पट-तिप्पट. तिथे आखूड साखळ्या. मग तोच माल दुसऱ्यात. तिथे हायड्रोजन अगदी बेताचा, आणि सोबत थोडं ब्युटीन, लांब साखळ्यांना मधूनमधून फांदी फुटावी म्हणून. प्रत्येक दाण्यात दोन्ही. वेगवेगळ्या भांड्यांत करून नंतर मिसळलं तर इतकं एकजीव होत नाही.

ऐकायला सोपं आहे. दोन घरं, दोन हवा. खरी मारामारी मधल्या दाराशी.

पहिल्या रिॲक्टरमधून माल निघतो तो एकटा निघत नाही. हेक्झेनमध्ये विरघळलेला हायड्रोजन घेऊन निघतो. तो तसाच दुसऱ्यात शिरला की तिथे कात्री चालू. लांब साखळ्या हव्यात म्हणून जे दुसरं घर बांधलं, तिथे पुन्हा आखूडच. आमची आजी स्वयंपाकघरात एका गोष्टीबद्दल कधीही माफ करायची नाही. आमटीचा डाव खिरीत. डाव पुसलाय, धुतलाय, काही ऐकायची नाही. "आमटीला काही होत नाही रे," म्हणायची, "खिरीचं वाटोळं होतं." दुसऱ्या रिॲक्टरमधला हायड्रोजन पहिल्यांदा समजून घेताना मला शब्दशः हेच आठवलं. पहिल्यात थोडा कमीजास्त झाला तर सावरता येतं. दुसऱ्यात इतका कमी लागतो की पहिल्याकडून आलेला एक डावही पुरे.

म्हणून मध्ये फ्लॅश ड्रम. माल आला की दाब एकदम उतरवायचा. सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यासारखा हायड्रोजन फसफसून वर येतो, तो ओढून घ्यायचा, उरलेला माल पंपाने पुढे. हायड्रोजन हेक्झेनमध्ये तसा नाइलाजानेच विरघळलेला असतो, दाब सोडला की सुटतो. फिनलंडमध्ये पोर्व्होला बोरेआलिसने १९९५ मध्ये काढलेल्या पद्धतीत पहिल्या टप्प्याला हेक्झेनऐवजी प्रोपेन असतं, तेही इतक्या दाबातापात की ते धड द्रव नाही आणि धड वायू नाही. यंत्रं निराळी, पण मधल्या दाराशी करायचं तेच. झटक आणि मग आत ये.

ही झटकाझटक नीट झाली की नाही हे सांगणारा मी. म्हणजे माझं यंत्र, गॅस क्रोमॅटोग्राफ. सगळे जीसी म्हणतात. रिॲक्टरपासून थोड्या अंतरावर एक पत्र्याची खोली, आत एसी, भिंतीला टेकून साखळीने बांधलेले सिलिंडर, आणि ओळीने जीसी. रिॲक्टरच्या डोक्यावरच्या मोकळ्या जागेतला वायू बारीक नळीने इथपर्यंत येतो. जीसी त्यातला चिमूटभर घेतो आणि एका लांब वेटोळ्या नळीतून शर्यतीला सोडतो. हायड्रोजन सगळ्यांत आधी पोचतो. इथिलीन मागून. ब्युटीन सगळ्यांत शेवटी, वराती मागून घोडं. कोण किती आला ते कागदावरच्या डोंगरांच्या क्षेत्रफळावरून कळतं. एका शर्यतीला आमच्याकडे सहा मिनिटं लागायची.

सहा मिनिटं म्हणजे काही नाही असं वाटेल. पण वायू नळीतून इथवर यायला आणखी एक-दोन मिनिटं. म्हणजे पॅनलवर, कंट्रोल रूममधल्या पडद्यांपुढे, बसलेला माणूस बघतो ती हवा आठ मिनिटांपूर्वीची. आणि हवा तरी लगेच बदलते. भुकटी रिॲक्टरमध्ये तास-दोन तास राहते, जुनी नवी मिसळून. हवा बिघडली तर माल लगेच बिघडत नाही, आणि हवा सुधारली तर लगेच सुधारतही नाही. प्रयोगशाळेचा मेल्ट इंडेक्स आमच्याकडे चार तासांनी यायचा. १९० अंशांवर वितळलेलं पॉलिमर ठरावीक वजनाखाली बारीक भोकातून दहा मिनिटांत किती ग्रॅम उतरतं, ते. साखळ्या आखूड झाल्या की जास्त उतरतं. तो आकडा हातात येईपर्यंत त्या आकड्याचा माल सिलोत जाऊन पडलेला असतो. नवीन इंजिनियर तो आकडा बघून हायड्रोजनचा व्हॉल्व्ह पिळायचे, मग पुढचा आकडा बघून उलटा पिळायचे. आमचे सीनियर पॅनल ऑपरेटर, त्यांना अख्खा प्लांट काका म्हणायचा, ते अशा वेळी व्हॉल्व्हच्या पडद्यावर रुमाल टाकायचे. खरोखर. "चा पी लो पहले."

काका आणंदकडचे. बशीतून चहा. शिक्षण किती होतं ते कधी विचारलं नाही. मला जीसीचं जे काही येतं ते यंत्राच्या पुस्तकातून आलं, आणि जीसीवर विश्वास कधी ठेवायचा नाही, हे काकांकडून.

१९९८ चा जून. पहिला मोठा पाऊस, रात्रपाळी. दुसऱ्या रिॲक्टरचा हायड्रोजन त्या रात्री इतका शहाण्यासारखा वागत होता की पॅनलवरचा तरुण इंजिनियर सगळ्यांना बोलावून दाखवत होता. बारापासून एकच रेघ. पट्टीने आखावी अशी. अडीचच्या सुमाराला काका जेवणाचा डबा धुऊन आले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पडद्याकडे बघत राहिले, आणि म्हणाले,

"आ तो मरेली लाइन छे."

ही मेलेली रेघ आहे. जिवंत रेघ थरथरते. प्रत्येक शर्यतीत दशांशात कुठेतरी फरक पडतोच, पडायलाच हवा. इथे अडीच तासांत दुसरा दशांशही हलला नव्हता.

मी रेनकोट घालून पळालो. खोलीत सगळं जागच्या जागी. एसी चालू, जीसीचे दिवे हिरवे. फक्त वायू किती येतोय ते दाखवणाऱ्या काचेच्या नळीतला फ्लोट तळाला बसलेला. नळीत वाहणंच थांबलं होतं. बाहेरचा फिल्टर उघडला तर आत हेक्झेनने भिजलेली बारीक भुकटी, ओल्या रांगोळीसारखी घट्ट बसलेली. जीसी बिचारा मध्यरात्रीपासून नळीत अडकलेला तोच शिळा वायू दर सहा मिनिटांनी चाखत होता आणि तेच उत्तर देत होता. डोंगर लहान होत चालले होते, हे त्याला दिसत होतं. पण आम्हीच त्याला सांगून ठेवलेलं, की सगळ्यांची बेरीज शंभर करून सांग. बेरीज शंभरच येत होती. वायू संपत आला तरी टक्केवारी शाबूत. हिशोबातल्या या युक्तीचा मी तेव्हापासून धसका घेतलाय. सोसायटीच्या वार्षिक सभेतसुद्धा टक्केवारी दाखवली की मी विचारतो, कशाची टक्केवारी?

तो फिल्टर बदलायची तारीख आदल्या शुक्रवारची होती. पाऊस येणार म्हणून घाईची बाकीची कामं होती आणि मी सोमवारवर ढकललं होतं.

फिल्टर बदलला. सहा मिनिटं. त्या सहा मिनिटांत मी त्या खोलीत उभा होतो आणि पत्र्यावर पाऊस वाजत होता, एवढंच आठवतं. आकडा आला. हायड्रोजन जवळजवळ दुप्पट.

मग उलगडा झाला. फ्लॅश ड्रममधून सुटलेला वायू ओढून परत पाठवणारा कॉम्प्रेसर मध्यरात्रीपासून दमलेला होता. ड्रमचा दाब हळूहळू चढत होता. दाब उतरला नाही म्हणजे हायड्रोजन पुरता सुटला नाही, म्हणजे आमटीचा डाव तासन् तास खिरीत. ड्रमच्या दाबाची रेघ पडद्यावर होतीच, चढती, आणि ती पॅनलवरच्या दोघांनी बघितलीही होती. पण पुढचा हायड्रोजन ठणठणीत दिसतोय म्हटल्यावर तिच्याकडे लक्ष कोण देतो? एक यंत्र खोटं बोललं की खरं बोलणारं दुसरं यंत्रही बिनमहत्त्वाचं होतं.

फीड कमी केलं, फ्लॅश ड्रम आणि दुसऱ्या रिॲक्टरची डोक्यावरची हवा फ्लेअरला, म्हणजे नको असलेला वायू जाळणाऱ्या उंच चिमणीला, सोडली. पावसात फ्लेअर पेटला की सगळा आसमंत नारिंगी होतो, ढगसुद्धा. कॉलनीत बायका खिडकीत येऊन बघतात आणि जिचा नवरा रात्रपाळीला ती झोपत नाही. सकाळी सहाचा मेल्ट इंडेक्स आला तो बघून शिफ्ट इंजिनियर काही बोलला नाही, नुसता कागद माझ्याकडे सरकवला. दहाचाही तसाच. दुपारी उतरू लागला. अख्खा एक सिलो ऑफ-ग्रेड. पाइपच्या कामाचा नाही. असा माल कमी भावात जातो, त्याची घमेली, टोपल्या होतात. पुढे वर्षभर बाजारात काळं घमेलं दिसलं की मला वाटायचं, हा माझा फिल्टर.

चौकशी झाली. मी शुक्रवारचं सांगितलं. त्यातून जे निघालं ते चांगलं निघालं. नळीतला प्रवाह कमी झाला की अलार्म, डोंगरांची कच्ची बेरीज घटली की अलार्म, आणि तिसरा काकांचा: आकडा ठरावीक वेळ हललाच नाही तर अलार्म. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. शिफ्टमध्ये त्याला आजही मरेली म्हणतात, असं परवा एकाने फोनवर सांगितलं.

याच नेमक्या गोष्टीत मला कारखान्यांच्या इतिहासातली एक गंमत आठवते. पॉलिइथिलीनचा जन्मच मुळी हवेत नको ते शिरल्यामुळे झाला. इंग्लंडमध्ये विनिंग्टनला, इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट यांनी २४ मार्च १९३३ च्या शुक्रवारी इथिलीन आणि बेन्झाल्डिहाइड प्रचंड दाबाखाली ठेवलं. सोमवारी उघडलं तर भांड्यात पांढरा मेणचट पदार्थ. पुन्हा करायला गेले तर कधी व्हायचं, कधी नाही, कधी स्फोट. डिसेंबर १९३५ मध्ये मायकेल पेरिन आणि सहकाऱ्यांना पुन्हा जमलं, तेही भांडं गळत होतं म्हणून. गळतीची भरपाई करायला वरून जादा इथिलीन घातलं, आणि त्यात ऑक्सिजनचा अंश होता. तो अंश हीच चावी होती. आमच्या झिग्लरच्या उत्प्रेरकाला मात्र तोच ऑक्सिजन विष. दहा लाखांत एक-दोन भाग असला तरी उत्प्रेरक मान टाकतो. एकाची भूक, दुसऱ्याचं अपचन.

विषावरून. मी पुढे पॉलिप्रॉपिलीनच्या प्लांटवर गेलो. तिथे हेक्झेन नाही, ताक नाही. कोरडी भुकटी खालून येणाऱ्या वायूवर उकळत राहते, लाह्या फुटताना कढईत उडतात तशी. वायूच अन्न, वायूच पंखा, वायूच थंडावा. एका फेरीत त्यातला काही टक्केच भुकटीत बसतो, बाकीचा वरून निघून, थंड होऊन, कॉम्प्रेसरमधून पुन्हा खाली. हा कॉम्प्रेसर बंद पडला तर भुकटी बसते, उष्णता कोंडते, आणि काही मिनिटांत अख्ख्या रिॲक्टरचा एक ढेकूळ होऊ शकतो, जो मग माणसांना आत उतरून फोडावा लागतो. अशा वेळेसाठी कार्बन मोनॉक्साइडचे सिलिंडर तयार ठेवलेले असतात. तो आत सोडला की उत्प्रेरकाच्या सगळ्या जागा अडवून बसतो आणि प्रक्रिया थांबते. इंग्रजीत त्याला सरळ 'किल' म्हणतात. मी तो दोनदा सोडलेला बघितला. एकदाही आवाज झाला नाही. तापमानाची रेघ खाली वळली, एवढंच.

तिथेही दोन घरं, पण कारण वेगळं. नुसतं पॉलिप्रॉपिलीन शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होऊ लागतं. काश्मीरच्या हिवाळ्यात बादली आपटली की गेली. म्हणून पहिल्या रिॲक्टरमध्ये सच्छिद्र दाणा करायचा आणि दुसऱ्यात त्याच्या भोकाभोकांत इथिलीन-प्रोपिलीनचं रबर वाढवायचं, शंकरपाळ्यात पाक मुरावा तसं. गाडीचा बंपर, बॅटरीचा डबा, असल्या वस्तू याच्या. इथे दुसऱ्या घरातलं इथिलीन आणि प्रोपिलीन यांचं प्रमाण म्हणजे सगळं. इथिलीन फार झालं तर रबर रबर राहत नाही, त्यात पॉलिइथिलीनचे कडक पट्टे येतात. आणि रबर भोकात मावेनासं होऊन बाहेर आलं की दाणे एकमेकांना चिकटतात. मग पुढचे आठ दिवस फील्डवरच्या माणसांच्या तोंडी जे शब्द असतात ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

या प्लांटवर मला खरा त्रास दिला तो न खाणाऱ्या पाहुण्यांनी. चांगल्या प्रतीचं प्रोपिलीन ९९.५ टक्के शुद्ध असतं. उरलेलं बहुतेक प्रोपेन. ते काहीच करत नाही. पंगतीत बसतं, पण जेवत नाही. आणि वायू तर सतत फिरवायचा, म्हणजे प्रोपिलीन जेवून उठतं आणि प्रोपेन बसून राहतं. दर पंगतीला त्यांची संख्या वाढते. नायट्रोजनचं तेच. शेवटी पंगतीत निम्मे लोक नुसते पान मांडून. मग व्हेंट उघडून हवा सोडावी लागते, आणि सोडताना उपाशी माणूसही सोबत बाहेर जातो, म्हणजे पैसे जातात. किती सोडायचं यावर प्रॉडक्शन आणि अकाउंट्सचं कधी पटलेलं मी पाहिलं नाही. पुढे मेम्ब्रेन आले, गाळून प्रोपिलीन परत घेणारे, आणि भांडणाचा विषय फक्त बदलला.

निवृत्त व्हायच्या थोडं आधी इटलीतल्या ब्रिंदिसीच्या रिॲक्टरबद्दल वाचलं. २००२ पासून चाललेली पद्धत, आमच्यापर्यंत उशिरा आली एवढंच. त्यात दोन घरं एकाच रिॲक्टरमध्ये. भुकटी एका नळीतून एका हवेत वर उडत जाते आणि दुसऱ्या नळीतून दुसऱ्या हवेत सरकत खाली येते, पुन्हा वर, पुन्हा खाली, कितीतरी वेळा. दाण्यावर कांद्यासारखे थर चढतात. आणि चढणीच्या नळीतली हवा उतरणीच्या नळीत येऊ नये म्हणून उतरणीच्या तोंडाशी निराळ्या वायूचा किंवा द्रवाचा पडदा सोडतात. मी काकांना फोन करून सांगितलं. ते तेव्हा गावी म्हशी बघत होते. बराच वेळ विचार करून म्हणाले, "फ्लॅश ड्रम नहीं?" नाही म्हटलं. "तो फिर रात को झगड़ा किस से करेंगे?"

आता जीसीच्या आठ मिनिटांची वाट कुणी बघत बसत नाही. संगणक ताप, दाब, वायूचं प्रमाण घेऊन आतल्या मालाचा मेल्ट इंडेक्स किती झाला असेल याचा अंदाज दर मिनिटाला बांधतो, आणि प्रयोगशाळेचा आकडा आला की स्वतःला दुरुस्त करतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या किम मॅकऑली आणि जॉन मॅकग्रेगर यांनी १९९१ मध्ये हे प्रत्यक्ष चालू रिॲक्टरवर मांडलं होतं, आमच्याकडे पोचायला दहा-बारा वर्षं गेली. उत्तम चीज आहे. फक्त तोही शेवटी जीसीचंच खातो. फिल्टर तुंबला की तोही मरेली रेघ मोठ्या आत्मविश्वासाने पुढे आखत नेतो, दर मिनिटाला.

गावातल्या चराचं काम पंधरा दिवस चाललं. मुलगी पुण्याहून आली होती, तिने पारावरची वेटोळी बघून नाक मुरडलं. तिच्या घरात प्लॅस्टिकला बंदी आहे, २०१८ साली सरकारने घालायच्या आधीपासून. मी वाद घातला नाही. तिची चिडचिड पिशवीवर आहे आणि पिशवीवर माझाही फार जीव नाही. पण तिच्या आजीने ह्या गल्लीतून हंडे वाहिलेत, ते तिला माहीत नाही. मी सांगितलं नाही, कारण तेवढ्यात फिटर पोरगा ओरडला, "सोडतोय रं!"

टाकीवरून पाणी सोडलं. वहिनींनी नव्या नळाखाली कळशी ठेवली, हळदीकुंकू वाहिलं, तोटी फिरवली. फस्स झालं. नुसती हवा. मग थांबली, मग नळ खोकला, मग पुन्हा हवा. गल्लीतली पोरं हसायला लागली. वहिनींचा चेहरा पडला.

"येतंय, येतंय," पोरगा म्हणाला. "लाइनीत हवा हाय. आधी ती निघू द्या."

मी घड्याळ बघितलं. सवय. पाणी यायला साडेसात मिनिटं लागली. आधी गढूळ, मग स्वच्छ.